४८ पत्रं, २०० मतं आणि शेजारचे अंकल

ब्रिटनहून सावंतवाडीला सुट्टीवर गेले की एक प्रश्न हमखास येतो. "काय गो, तुमच्याथंय पंतप्रधान टिकत कित्याक नाय?"

प्रश्न रास्त आहे. २०१६ ते २०२४ या आठ वर्षांत ब्रिटनला पाच नवे पंतप्रधान मिळाले: थेरेसा मे, बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस, ऋषी सुनक आणि कीर स्टार्मर. यातले पहिले चौघे त्या खुर्चीत आले ते निवडणूक जिंकून नव्हे, तर हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाने मधेच आपला नेता बदलला म्हणून. सुनकांच्या वेळी तुम्ही तिकडे पेढे वाटलेत (त्यात नेमकी दिवाळी!), पण सामान्य मतदाराने त्यासाठी एकही मत टाकलेलं नव्हतं.

हा प्रकार मला खऱ्या अर्थाने कळला तो १२ डिसेंबर २०१८ च्या बुधवारी. त्या दिवशी हुजूर पक्षाच्याच खासदारांनी स्वतःच्या पंतप्रधानांवर मतदान घेतलं. ब्रेक्झिटवर इतकं लिहून झालंय की तुम्हाला वीट आला असेल, पण हा एक दिवस सांगण्यासारखा आहे.

मागची गोष्ट थोडक्यात. २३ जून २०१६ च्या सार्वमतात युरोपीय महासंघ सोडायच्या बाजूने ५१.९ टक्के मतं पडली, राहायच्या बाजूने ४८.१. डेव्हिड कॅमेरन यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा जाहीर केला. थेरेसाबाई आल्या. त्या स्वतः 'राहू या' गटातल्या, आणि नशिबी आलं बाहेर पडायचं काम. २०१७ मध्ये हौसेने मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि हातचं बहुमत घालवलं. मग उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या १० खासदारांच्या टेकूवर सरकार. नोव्हेंबर २०१८ मध्ये महासंघाशी करार ठरला, आणि त्यात घोडं अडलं आयर्लंडच्या सीमेवर. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, बाकीचा आयर्लंड महासंघात, मधे सुमारे ५०० किलोमीटरची सीमा. १९९८ च्या शांतता करारानंतर तिथल्या चौक्या गेल्या होत्या. त्या पुन्हा उभ्या करायला कुणीच तयार नव्हतं. म्हणून 'बॅकस्टॉप' नावाची सोय: दुसरा तोडगा निघेपर्यंत सगळा ब्रिटन महासंघाबरोबरच्या जकातव्यवस्थेत राहील. कट्टर ब्रेक्झिटवाल्यांचं म्हणणं, हे म्हणजे घराबाहेर पडायचं आणि पदर दाराच्या कडीत अडकलेलाच.

१० डिसेंबरला बाईंनी करारावरचं संसदेतलं मतदान पुढे ढकललं, कारण हरणार हे उघड होतं. ११ ला हेग, बर्लिन, ब्रुसेल्स असा एका दिवसात दौरा. बर्लिनमध्ये अँगेला मर्केल स्वागताला उभ्या आणि बाईंच्या गाडीचा दरवाजाच उघडेना, ती चित्रफीत तुमच्याही व्हॉट्सअॅपवर फिरली असेल. त्याच संध्याकाळी निरोप आला: ४८ पत्रं झाली.

ही पत्रांची भानगड आपल्या लोकांना समजावून सांगताना मला मजा येते. हुजूर पक्षाच्या मागच्या बाकांवरच्या खासदारांची एक संघटना आहे, '१९२२ समिती'. (स्थापना मात्र १९२३ ची. नावातलं वर्ष तिच्या पहिल्या सभासदांच्या निवडणुकीचं.) नेत्यावर विश्वास नाही असं वाटलं तर खासदाराने या समितीच्या अध्यक्षांना पत्र द्यायचं. तेव्हाच्या नियमाने पक्षाच्या एकूण खासदारांपैकी १५ टक्के पत्रं झाली की मतदान. तेव्हाच्या हिशेबाने ४८. आतापर्यंत किती पत्रं आली हे फक्त अध्यक्षांना ठाऊक. तेव्हा सर ग्रॅहम ब्रॅडी होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही ओळखता येतं का, यावर इथले पत्रकार पोट भरत होते. कट्टर ब्रेक्झिटवाल्यांचे पुढारी जेकब रीस-मॉग यांनी १५ नोव्हेंबरला संसदेबाहेर कॅमेऱ्यांसमोर आपलं पत्र जाहीर केलं, मोठा गाजावाजा झाला, आणि मग आठवडे गेले तरी आकडा काही भरेना. पत्र दिलं असं सांगत फिरणं आणि खरोखर देणं यातलं अंतर तेव्हा सगळ्या देशाने मोजलं.

आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप मोडला तर आमदारकी-खासदारकीवर गदा. म्हणून आपल्याकडे नेत्याविरुद्ध उठायचं तर आधी सुरतेला, मग गुवाहाटीला जावं लागतं. इथे व्हिप मोडणाऱ्याला पक्ष फार तर बाहेर काढेल, खासदारकी शाबूत राहते. त्यामुळे बंड गावातच राहून, चहा पीत करता येतं. २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांचा राजीनामा २९ जूनचा आणि बोरिस जॉन्सन यांचा ७ जुलैचा. त्या आठवड्यात आमच्या मराठी ग्रुपवर कुणाच्या बातम्या कुणाला लावायच्या याचा पार गोंधळ उडाला होता.

तर, बुधवारी सकाळी बाई पंतप्रधान निवासाच्या, म्हणजे दहा नंबर डाउनिंग स्ट्रीटच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या की सर्व शक्तीनिशी लढणार. संध्याकाळी सहा ते आठ, समिती कक्ष क्रमांक १४ मध्ये गुप्त मतदान. पक्षातून निलंबित दोन खासदारांना मतदानासाठी त्याच दिवशी परत घेण्यात आलं, एकेका मताची एवढी चणचण. त्याआधी बाईंनी खासदारांना सांगून टाकलं की २०२२ ची निवडणूक आपण लढवणार नाही. लोकांनी बाकं बडवली. नऊच्या सुमाराला निकाल आला: बाजूने २००, विरोधात ११७.

जिंकल्या. नियमाप्रमाणे आता वर्षभर त्यांना पक्षातून आव्हान देता येणार नव्हतं. पण स्वतःच्याच एक तृतीयांशाहून जास्त खासदारांना तुम्ही नको असाल, तर त्या जिंकण्याला काय अर्थ? रीस-मॉग यांनी त्याच रात्री राजीनामा मागितला.

मला त्या रात्री दुसरंच खटकत होतं. मतपत्रिकेवर प्रश्न एवढाच: या नेत्यावर विश्वास आहे की नाही? देशापुढचा प्रश्न होता: महासंघातून बाहेर पडायचं तर नेमकं कसं, आयर्लंडच्या सीमेचं काय, इथे राहणाऱ्या तीस लाखांहून जास्त युरोपीय नागरिकांचं काय? ११७ जणांना बाई नको होत्या, पण त्यांच्या जागी काय हवं यावर त्या ११७ जणांचंही एकमत नव्हतं. माणूस बदलून प्रश्न सुटेल ही या पक्षाची जुनी समजूत.

जुनी म्हणजे किती? १३ नोव्हेंबर १९९०. मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळातून नुकतेच बाहेर पडलेले जेफ्री हाउ संसदेत बोलायला उभे राहिले. विषय युरोपच. ते म्हणाले, युरोपशी वाटाघाटीला जाणाऱ्या मंत्र्यांची गत सलामीच्या फलंदाजांसारखी आहे. क्रीझवर पोचून पहिले चेंडू खेळताना कळतं की आपल्या बॅटी सामन्याआधीच मोडून ठेवल्या आहेत, आणि त्या मोडणारा आपलाच कर्णधार. दुसऱ्या दिवशी मायकेल हेझलटाइन यांनी आव्हान दिलं. थॅचरबाईंना २०४ मतं, त्यांना १५२. तेव्हाच्या नियमाने पहिल्या फेरीत जिंकायला बाईंना ४ मतं कमी पडली, आणि २२ तारखेला त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. पुढे जॉन मेजर युरोपवरूनच इतके वैतागले की १९९५ मध्ये पक्षनेतेपदाचा राजीनामा देऊन म्हणाले, या समोर. जॉन रेडवूड आले. मेजर २१८ विरुद्ध ८९ ने जिंकले आणि दोन वर्षांनी निवडणुकीत सपाटून हरले. कॅमेरन यांनी सार्वमताचं आश्वासन दिलं तेही मुख्यतः पक्षातलं हे भांडण एकदाचं मिटावं म्हणून. मिटलेलं तुम्ही पाहिलंतच.

आता शेजारचे अंकल. आम्ही राहतो इंग्लंडमधल्या स्विंडनला. इथे गोव्याची माणसं पुष्कळ, आणि त्यातल्या अनेकांकडे पोर्तुगालचा पासपोर्ट. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं, आणि त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये व्हिसाशिवाय काम करता येत होतं, कारण पोर्तुगाल महासंघात. आमचे अंकल सासष्टीतले, गोदामात रात्रपाळी करणारे. ते कोकणीत बोलतात, मी मालवणीत उत्तर देते, कुणाचं अडत नाही.

गंमत अशी की २०१६ च्या सार्वमतात मला मत होतं आणि त्यांना नव्हतं. मी भारतीय पासपोर्टवाली, नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेली. पण राष्ट्रकुलातल्या देशांचे इथे राहणारे नागरिक मतदार होऊ शकतात. अंकल माझ्या कितीतरी आधीपासून इथे कर भरतायत, ज्या निर्णयाने त्यांचं इथलं राहणंच टांगणीला लागणार होतं, त्यात त्यांना बोलायची सोय नाही. मी 'राहू या'ला मत दिलं. आमच्या ग्रुपमधल्या काहींनी उलटं दिलं. युरोपातून येणारे कमी झाले की आपल्या नातेवाइकांना व्हिसा सोपा होईल, असं त्यांना वाटत होतं. हुजूर पक्षाच्या तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल करी हाऊसवाल्यांना तेच सांगत होत्या. इथे स्विंडनमध्ये जवळजवळ ५५ टक्के मतं बाहेर पडायच्या बाजूने पडली.

आणि थेरेसाबाईंनी तर आम्हा दोघांना थेट समोरासमोर उभं केलं. १९ नोव्हेंबर २०१८ ला उद्योजकांसमोर त्या म्हणाल्या की यापुढे युरोपातल्या लोकांना सिडनीच्या इंजिनिअरच्या किंवा दिल्लीच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या पुढे रांगेत घुसता येणार नाही. माझा नवरा पुण्याचा असला तरी सॉफ्टवेअर डेव्हलपरच. म्हणजे पंतप्रधानांच्या हिशेबाने रांगेत घुसलेले अंकल आणि मागे ताटकळलेला माझा नवरा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत होते. नंतर बाईंनी त्या शब्दांबद्दल संसदेत खेद व्यक्त केला.

१२ डिसेंबरच्या रात्री अंकल पाळीवर निघण्याआधी आमच्याकडे निकाल ऐकायला थांबले. २०० की ११७ याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच: "आमचें कितें जातलें?" त्यांचे हक्क लिहिलेला करार बाईंच्याच हातात होता. बाई गेल्या तर करार राहील का, राहिल्या तर पास होईल का?

नाही झाला. १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ असा पडला, इथल्या संसदेच्या इतिहासातला सरकारचा सर्वांत मोठा पराभव. बाईंच्या पक्षाचे ११८ खासदार विरोधात. आणि दुसऱ्याच दिवशी मजूर पक्षाने सरकारवर अविश्वास ठराव आणला तेव्हा यातल्या एकानेही सरकार पाडलं नाही. ३२५ विरुद्ध ३०६ ने ते वाचलं. म्हणजे नेता नको, करार नको, पण खुर्ची हवी. मार्चमध्ये करार आणखी दोनदा पडला. तिसऱ्या वेळी तर, "करार पास करा, मी जाते" असं आधी सांगूनही पडला.

वर्षभर आव्हान देता येत नाही हा नियमही तेव्हा आडवा येऊ लागला, आणि तो बदलावा का यावर समितीतच खल सुरू झाला. मे महिन्यातल्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत हुजूर पक्ष पाचव्या क्रमांकावर गेला. (या निवडणुकीत अंकलना मत होतं. पुष्कळ युरोपीय नागरिकांना वेगळा फॉर्म वेळेत न पोचल्याने मतदान केंद्रावरून परत जावं लागलं. अंकलनी तो आधीच भरून दिला होता. मत कुणाला दिलं ते सांगत नाहीत.) २४ मेला बाईंनी राजीनामा जाहीर केला. पुढचा पंतप्रधान निवडला पक्षाच्या जेमतेम १ लाख ६० हजार सभासदांनी. साडेचार कोटींहून जास्त मतदारांच्या देशात बोरिस जॉन्सन यांना ९२,१५३ मतं पुरली. त्या सभासदत्वाला वर्षाला २५ पाउंड पडत, आणि ब्रिटिश नागरिक असण्याचीही अट नव्हती. याच जॉन्सन यांनी ६ जून २०२२ ला विश्वासमत २११ विरुद्ध १४८ ने जिंकलं. २०० मिळालेल्या बाई त्यानंतर साडेपाच महिने तगल्या होत्या, हे महिनाभर.

अंकलना सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रेक्झिटनंतरही इथे कायमचं राहण्याचा हक्क, मिळालं. अर्जाचं अॅप तेव्हा आयफोनवर चालत नव्हतं, म्हणून त्यांचा पासपोर्ट माझ्या अँड्रॉइड फोनवर स्कॅन केला. माणशी ६५ पाउंडांची फी लागणार होती, ती थेरेसाबाईंनी २१ जानेवारीला रद्द केली होती. घरात चार मोठी माणसं, म्हणजे २६० पाउंड वाचले. म्हणून अंकलच्या दृष्टीने "बरी बायल आशिल्ली ती". माझा नवरा हे ऐकून उखडतो. याच बाई गृहमंत्री असताना २०१२ मध्ये शिक्षणानंतर नोकरी करू देणारा व्हिसा बंद झाला आणि त्याच्या दोन मित्रांना बॅगा भरून परत जावं लागलं. दोघं या विषयावर बोलायला लागले की मी चहा टाकते, कारण अर्धा तास तरी कुणी उठत नाही.