होळीच्या आधीच कूलर

आमच्या नागपुरात एक अलिखित नियम आहे, होळी पेटल्याशिवाय कूलर काढायचा नाही. कितीही घाम आला तरी पंखा पाचवर ठेवून पडून राहायचं, कारण एवढ्या लवकर कूलर लावला की शेजारपाजारचे "काय नाजूक लोक आहेत बाप्पा" म्हणायला तयारच बसलेले असतात. यंदा आम्ही नियम मोडला आणि बघतो तर समोरच्या काकूंच्या खिडकीतही कूलर घरघरतोय, मग कोण कोणाला काय बोलणार.

मला विचाराल तर मे मधल्या ४५ पेक्षा मार्चमधलं ४१ जास्त छळतं. मे मधे सगळं गाव तयारीत असतं, शाळा बंद, दुकानदार शटर अर्धं ओढून आत लवंडलेले, सिग्नलवर हिरव्या जाळ्या, गाडीच्या डिकीत दुपट्टा. दुपारी बारा ते चार कोणाकडे जायचं नसतं आणि कोणी येतही नाही. मार्चमधे यातलं काहीच नसतं. ऑफिसवाले बिनधास्त दुपारी दोनची मीटिंग लावतात वर मार्च एंडिंग आहे म्हणतात, पोरांच्या परीक्षा तोंडावर, आणि घरात गोधड्या अजून धुवायच्याच राहिलेल्या. अंगालाही ऊन सोसायची सवय व्हायला आठवडा दोन आठवडे लागतात म्हणे, तेवढी सवलत कोण देतंय!

हवामान खात्याचा हिशोबसुद्धा साधारण असाच आहे. आपल्यासारख्या सपाटीच्या भागात कमाल तापमान ४० च्या वर गेलं आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी चढलं तर ती उष्णतेची लाट. आता मार्चमधे इथली सरासरी ३६ च्या आसपास, म्हणजे ४१ झालं की लाट आली, आणि मे मधे सरासरीच ४२ च्या पुढे त्यामुळे ४४ ची बातमी पण होत नाही (४५ झालं की मात्र सरासरी बघत नाहीत, सरळ लाटच). आणि हे आपलं आपल्याला वाटतं असंही नाही, २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सगळ्यात गरम मार्च होता आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीनेही तोच पराक्रम केला.

तर कूलर. आमचा जुना लोखंडी, दोन माणसांशिवाय हलत नाही. ताडपत्री काढली तर आत कबुतराने काड्या आणून संसार मांडलेला. मागच्या वर्षीचं गवत बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी पांढरं आणि कडक झालेलं, हात लावला की कडकड मोडून खाली भुसा. दुकानात नवीन गवत घ्यायला गेलो तर तो म्हणे भाऊ माल यायचाय, एवढ्या लवकर कोण काढते. खस होता पण भाव ऐकून नुसता वास घेऊन परत आलो. शेवटी दुसऱ्या दुकानात मिळालं. पंप फिरेना, त्याचा पंखा क्षाराने जाम, स्क्रूड्रायव्हरने दोन वेळा ढोसला तेव्हा कुठे पाणी चढलं. आईचं मागून चालूच, आधी बटन बंद कर, पिन काढ, मग पाण्यात हात घाल. ती बरोबरच बोलते, कूलरचा शॉक लागल्याची बातमी दर उन्हाळ्यात वाचायला मिळतेच.

पहिल्या रात्री ओल्या गवताचा जो वास येतो ना, त्याच्यासाठी मी परफ्यूम सोडायला तयार आहे. फक्त समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर सगळी ओल घरातच कोंडते आणि गादीपण चिकचिक करते. दादरच्या मावसबहिणीला हे सगळं कळतच नाही, तिकडच्या दमट हवेत कूलर काय करणार, पाणी उडालं तर गारवा. ती फोनवर ३८ झाल्याचं रडगाणं गाते आणि आम्ही इकडे हसतो, पण खरं सांगायचं तर तिचा घाम वाळतच नाही त्यामुळे ती बिचारी आमच्यापेक्षा जास्त शिजते. किनारपट्टीला लाटेसाठी ३७ पासूनच मोजतात ते उगीच नाही.

बाकी रोजचं चालू आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी अकरानंतर भांडी घासायच्याही लायकीचं राहत नाही, म्हणून बादल्या रात्रीच भरून ठेवायच्या. दही संध्याकाळपर्यंत आंबट ढाण. कैऱ्या अजून महाग त्यामुळे पन्ह्याचं नाव काढायचं नाही, ताकावर भागवा.

या सगळ्यात खूश फक्त आई. मुगवड्या एका दिवसात खडखडीत वाळतायत, असं ऊन वाया घालवायचं नसतं म्हणे, म्हणून रोज नवीन घाणा. आणि ज्या कबुतरांचा संसार मी कूलरमधून बाहेर काढला तीच आता वड्यांवर टपून बसलेली, त्यामुळे रविवारी सकाळी अकरा वाजता डोक्याला दुपट्टा गुंडाळून हातात काठी घेऊन गच्चीवर उभं राहायची ड्युटी माझी.