कोल्हापूरहून फ्लॉरेन्स: छत्रीपासून आखलेली इटली

इटलीच्या सहलीसाठी टूरवाल्याने दिलेल्या यादीत सात-आठ शहरं होती आणि फ्लॉरेन्सच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस. बाबांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला. "आपल्या राजाराम महाराजांची छत्री आहे तिथं. तिथं न जाता इटली बघून काय करायचं?" मग आम्ही सगळा बेत त्या छत्रीपासून, म्हणजे महाराजांच्या स्मारकापासून, मागे मागे आखत आलो.

हे राजाराम महाराज म्हणजे शाहू महाराजांच्याही आधीचे छत्रपती. आपल्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे ते राजाराम महाराज शाहूंचे चिरंजीव, ते वेगळे. हे १८७० साली इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तिकडे तेव्हा दहनाची रीत नव्हती. खास परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. परक्या मुलुखातही त्यांच्या माणसांनी संगमच का गाठला, हे नद्यांच्या संगमावरच्या प्रयाग चिखलीला जाऊन आलेल्या कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही.

त्या वेळी इटलीची राजधानी फ्लॉरेन्स होती, १८६५ ते १८७१ अशी सहा वर्षं. रोम तर महाराजांच्या निधनाच्या दोनच महिने आधी इटलीच्या राज्यात आलं होतं. त्यामुळे आमच्या बेतात दोन राजधान्या आल्या, आजची आणि तेव्हाची. व्हेनिस, मिलान, पिसा गळाले. आठ शहरांचे बसस्टँड बघण्यापेक्षा दोन शहरांतून पायी हिंडणं कधीही चांगलं, असं माझं ठाम मत आहे.

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी निघण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. कोलोसियमची तिकिटं नावानिशी मिळतात, ती आधीच काढावीत आणि पासपोर्ट सोबत ठेवावा. खरी कसरत असते ती वारांची. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद, आणि फ्लॉरेन्सचं उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद. आम्ही सोमवार छत्रीसाठी राखून ठेवला. बाग काही बंद नसते.

निघण्याआधी कोल्हापुरातच दोन ठिकाणी जाऊन आलो. टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ती सापडली, रोमशी चालणाऱ्या जुन्या व्यापाराची खूण म्हणून. लहानपणी शाळेच्या सहलीत तिच्यासमोरून नुसताच पुढे गेलो होतो. या वेळी बराच वेळ थांबलो. दुसरं ठिकाण खिद्रापूर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात उभं राहून वर पाहिलं, की छताच्या गोल मोकळ्या जागेतून आभाळ दिसतं.

रोममध्ये पँथिऑन या प्राचीन देवळाच्या दारातून आत शिरलो आणि बाबा पटकन म्हणाले, "अरे, हा तर स्वर्गमंडप!" सम्राट हेड्रियनच्या काळातला हा घुमट खिद्रापूरच्या हजारएक वर्षं आधीचा. व्यास ४३.३ मीटर, जमिनीपासून उंचीही तेवढीच, आणि माथ्यावर सुमारे ९ मीटरचं उघडं वर्तुळ. त्याला काच नाही. पाऊस थेट आत येतो आणि किंचित उताराच्या फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. सगळा घुमट काँक्रीटचा, आत लोखंडाची एकही सळई नाही. बांधकामात आयुष्य गेलेले बाबा तिथून हलायलाच तयार नव्हते. कोलोसियमही भव्यच आहे, पण तिथल्या गर्दीत मन लागलं नाही.

रोमहून फ्लॉरेन्स जलद रेल्वेने दीड तासावर. तिथल्या पियात्सा देल्ला सिन्योरिया या चौकात नेपच्यूनचं कारंजं आहे. नेपच्यून म्हणजे रोमन लोकांचा पोसायडनच. त्या प्रचंड संगमरवरी देहासमोर मला टाउन हॉलमधली एवढीशी मूर्ती आठवत राहिली. मायकेलअँजेलोचा डाविदचा पुतळा, उफ्फिझी, कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट हे सगळं पाहिलं, पण त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे.

सोमवारी सकाळी 'काशीने' नावाच्या बागेत गेलो. आर्नोच्या काठाने साडेतीन किलोमीटर पसरलेली ही बाग, आणि छत्री तिच्या पश्चिमेच्या अगदी शेवटच्या टोकाला. चार खांबांवर घुमटी आणि खाली महाराजांचा रंगीत संगमरवरी अर्धपुतळा. अंगावर भारतीय पोशाख, चेहरा कोवळा. पुतळा चार्ल्स फुलर यांनी घडवला, छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, साल १८७४. हे तेच मँट, ज्यांनी आपला न्यू पॅलेस आखला. शेजारच्या मोठ्या पुलाला आणि या सगळ्या भागाला महाराजांवरूनच 'इंदियानो' म्हणतात. दीडशे वर्षांनंतरही तिथल्या माणसांच्या रोजच्या बोलण्यात आपला राजा आहे, याचा मला फार अभिमान वाटला.

कोणी जाणार असाल तर फुलं शहरातूनच घेऊन निघा, छत्रीपाशी काही मिळत नाही. स्टेशनजवळून सुटणारी ट्राम बागेच्या अलीकडच्या टोकाला सोडते, पुढे झाडीतून सरळ चालत राहायचं. वयस्कर माणसं सोबत असतील तर टॅक्सीने थेट पुलापाशी उतरा.