राजगडावर वेळ संपली

सोलापूरच्या पळणाऱ्याला अंतराचं भय दाखवू नये. कोजागरीला हजारो लोक इथून रात्रभर चालत तुळजापूर गाठतात, ४५ किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात साठी ओलांडलेल्या बायका अनवाणी असतात. आमची आत्या त्यातलीच. सिंहगड, राजगड, तोरणा असे तीन गड जोडणाऱ्या शर्यतीत नाव घातलंय, ५० किलोमीटरहून थोडं जास्त आहे, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग तुळजापूरच की रे!"

तयारी जोरात झाली होती. होटगी रोड, विजापूर रोड, हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन परत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना पळालेला माणूस डिसेंबरच्या पहाटे सह्याद्रीत दमेल कशाला? चढासाठी स्टेडियमच्या पायऱ्या होत्या. उतारासाठी मात्र आमच्या गावात काही नाही. गावच सपाट.

सिंहगडाचा सुमारे ६०० मीटरचा चढ छान गेला. हेडटॉर्चच्या उजेडात बऱ्याच जणांना मागे टाकलं. मग कल्याण दरवाज्याच्या बाजूने उतार सुरू झाला, आणि मघाशी मागे टाकलेली पुण्याची पोरं बकऱ्यांसारखी टणाटण माझ्या बाजूने खाली गेली. पायाखाली नुसता घसारा, म्हणजे सुटी माती आणि निसटते दगड. मी प्रत्येक पावलाला ब्रेक लावत होतो, आणि तो ब्रेक म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. चढताना स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तो ताणला जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरतो. सवय नसेल तर त्या ताणात स्नायूचे तंतू बारीक बारीक फाटतात. दम अजिबात लागत नाही, त्यामुळे तेव्हा काही कळतही नाही.

सिंहगड आणि राजगड यांच्यामधल्या विंझर गावाच्या सपाटीवर जीव परत आला. हे आपलं मैदान! पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिथेच पळता पळता संपवली. (पळताना ताकदीसाठी खातात तो जेल नावाचा गोड चिकटा मला कधीच जमला नाही.)

राजगडाला गुंजवण्याकडून चोर दरवाज्याच्या वाटेने चढताना पाय उचलायचा म्हटलं की मांडीत पेटके. रेलिंग धरून, मीठ चाटत, दहा पावलं चालायचं आणि थांबायचं. पद्मावती माचीवर पोचलो तेव्हा तिथली वेळेची मर्यादा संपली होती. स्वयंसेवक पोरगा अवघडून म्हणाला, "काका, बिब द्यावा लागेल." बिब म्हणजे छातीवरचा शर्यतीचा नंबर. दिला. पलीकडे संजीवनी माचीच्या पुढची डोंगरधार थेट तोरण्यापर्यंत दिसत होती.

माझ्यासारखाच बाद झालेला एक जण धीर द्यायला बार्कलीचं सांगू लागला. अमेरिकेतल्या टेनेसीमधली ती शर्यत, ६० तासांची मर्यादा, कित्येक वर्षी कुणीच पूर्ण करत नाही. २०२४ मध्ये जॅस्मिन पॅरिस ही ती पूर्ण करणारी पहिली बाई ठरली, तेही अवघे ९९ सेकंद उरले असताना. ऐकायला भारी. पण मला तो दिलासा पटला नाही. बार्कलीत माणसं बाद व्हावीत अशीच आखणी असते. इथे माझ्याबरोबर निघालेले बरेच जण त्या धारेवरून तोरण्याकडे चालले होते.

आणि शर्यतीतून बाद झालं तरी राजगडावरून खाली न्यायला गाडी नसते. पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी, आडवे पाय टाकत, पुन्हा उतारच. खरं दुखणं दुसऱ्या दिवशी चढलं. हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला उतरलो आणि स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या कठडा धरून उलटा उतरलो. एका हमालाने विचारलं, "पडला का बे?"

एक गोष्ट उपयोगाची कळली. स्नायूला उताराचा असा मार एकदा बसला की पुढचे काही आठवडे तोच मार त्याला कमी लागतो, म्हणून उताराचा सराव रोज करावा लागत नाही, अधूनमधून पुरतो. आम्हाला जवळचा उतार तुळजापूरच्या घाटातच. डांबरी आहे, घसारा नाही, पण मांड्यांना चालेल. चढ एसटीने जाणार, उतार पळत.