रमाईचा पुतळा आणि सोनेरी काठ

मी ब्राँझच्या पुतळ्यांची डागडुजी करतो. लोकांना वाटतं पुतळा एकदा बसवला की झालं, वर्षातून दोनदा पाणी मारायचं आणि हार घालायचे. घाटावर एकवेळ चालतं हे, पण कोकणात समुद्रापासून दोन किलोमीटरवर पुतळा म्हणजे खाऱ्या हवेत ठेवलेलं पातेलं आहे, बघणारं कोणी नसेल तर ते आतून खाल्लं जातं.

दापोलीकडच्या एका गावातून फोन आला. रमाईचा पूर्णाकृती पुतळा, 7 फेब्रुवारीला जयंती, हातात चारच दिवस. लुगड्याच्या घोळाखालून चौथऱ्यावर तांबूस ओघळ येतोय म्हणाले, तेवढं पुसा आणि वर एक हात सोनेरी रंग मारा. म्हटलं आधी बघतो तर खरं.

बघितलं आणि डोकं फिरलं. दरवर्षी जयंतीला ऑइल पेंटचा सोनेरी हात, थरावर थर, चेहऱ्याच्या सुरकुत्या बुजलेल्या. रिमूव्हर लावून रंग सोलला तर खाली पोपटी भुकटी, नखाने उडेल अशी. हा साधा हिरवा थर नव्हे, जुन्या ब्राँझवर जो घट्ट हिरवा बसतो तो उलट धातूला सांभाळतो. ही भुकटी म्हणजे मिठातलं क्लोराइड तांब्यात शिरलंय, त्यात ओल आणि हवा मिळाली की भुकटी होते आणि सोबत आम्ल सुटतं, ते आम्ल परत आतलं तांबं खातं, मग परत भुकटी, असं चक्र चालूच राहतं. हवेत 50 टक्क्यांच्या आत दमटपणा असला तरी हा रोग जागा होतो आणि इथे पावसाळ्यात 80च्या खाली येतच नाही. वरून रंग म्हणजे जखम न धुता चिकटपट्टी.

ओघळाचं कारण वेगळंच निघालं. पुतळा आत पोकळ असतो आणि उभा राहायला आत लोखंडी अँगल असतो, म्हणून खाली ड्रेन होल ठेवतात. चौथऱ्याला ग्रॅनाइट लावणाऱ्या ठेकेदाराने ती सगळी भोकं सिमेंटने बंद केलेली, "फिनिशिंग" म्हणे! बारा एमएमचं ड्रिल घातलं आणि काळं, कुजका वास मारणारं पाणी सुरू झालं ते थांबेचना, दीड बादली भरली. लोखंड आणि ब्राँझ खाऱ्या पाण्यात एकत्र म्हणजे आधी मरतं ते लोखंड. अँगल हाताने चाचपला, पापुद्रे आले हातात. सुदैवाने गाभा शाबूत होता.

मग दोन दिवस स्काल्पेल, बांबूच्या काड्या, डिस्टिल्ड वॉटर, बीटीएचे, म्हणजे तांब्याचं गंजणं रोखणाऱ्या रसायनाचे हात, आतून ब्लोअर लावून सुकवणं. तिसऱ्या दिवशी टॉर्चने धातू गरम करून मेण लावायला घेतलं, मेण टेकताच वितळलं पाहिजे इतपतच गरम, जास्त झालं तर पॅटिना, म्हणजे ब्राँझवरचा तपकिरी थर, जळतो. पुतळा गडद तपकिरी दिसायला लागला, चेहरा परत माणसाचा झाला. मी खूश होतो एकदम.

कमिटीची पोरं गप्प. एक आजी मात्र सरळ पुढे आल्या. "काय रे पोरा, काळी केलीस आमच्या रमाईला?"

मी सुरू झालो, आजी, हाच ब्राँझचा खरा रंग, सोनेरी रंगाखाली ओल अडकते वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं शेवटपर्यंत. मग म्हणाल्या, "बाप दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहायचा. लगीन लागलं ते पण भायखळ्याच्या मासळीबाजारात. मग जन्मभर शेण थापलंन, अंगावर धड लुगडं नाय. आता पण नको चमकायला तिनं?"

माझ्याकडे केमिस्ट्री होती, उत्तर नव्हतं. आमच्या धंद्यात सगळे मूळ रंग, मूळ रंग करतात, मीही करतो, पण हा पुतळा ज्यांचा आहे त्यांना त्यात काय दिसायला हवं हे कोणी विचारत नाही. रंग मात्र मी मारू दिला नाही. ओतकामवाले करतात तसं लुगड्याचा काठ आणि बांगड्या तेवढ्या घासून उघड्या केल्या, आतलं सोनेरी ब्राँझ दिसेपर्यंत, आणि वर मेणाचे दोन जादा हात दिले. आजींनी काठावरून बोट फिरवलं, "हां," एवढंच बोलल्या. मी निघताना कमिटीला बजावलं, उघडी धातू आहे, पावसाळ्यात काळवंडेल, नुसतं कोरड्या फडक्याने पुसा, दुसरं काही लावू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या, त्या कशा असतात ते माहीत आहेच.

मे महिन्यात एका पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, खाली लिहिलेलं, "दादा, काठ अजून एकदम नवा. आजी दर रविवारी स्वतः घासतात."

झूम करून बघितलं. चमक गुलाबीसर होती. ब्राँझ असं गुलाबी होतं ते चिंच-मिठाने.

मीठ! म्हणजे जे क्लोराइड मी दोन दिवस काडीने उकरून काढलं तेच. फोन करायला हवा, रोज ठरवतो. पण आजी समोर आल्या तर काय बोलायचं ते अजून जुळत नाही, आणि तिकडे पाऊस तोंडावर आलाय.