बाबांना घेऊन डाखाऊला गेलो तेव्हा

म्युनिकमधल्या मराठी घरात भारतातून पाहुणे आले की त्यांची यादी ठरलेली असते. नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, बीएमडब्ल्यूचं संग्रहालय, एक दिवस साल्झबुर्ग. आणि मग जरा आवाज खाली आणून, "ते हिटलरचं डाखाऊ तुमच्या जवळच आहे ना?" जवळच आहे. डाखाऊ म्हणजे नाझींची छळछावणी, आता तिथे स्मारक आहे. मुख्य स्टेशनवरून एस-२ गाडीने वीस-पंचवीस मिनिटं, पुढे ७२६ नंबरची बस थेट स्मारकाच्या दारात. म्युनिकचा आणि त्यापुढचा पहिला झोन धरून दिवसाचा पास काढला की त्यात सगळं बसतं.

बाबा आले तेव्हा त्यांच्या यादीत डाखाऊ सगळ्यात वर होतं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, किल्ल्याचं कौतुक त्यांना नव्हतंच. आईने मात्र आधीच सांगून टाकलं, "मला नंतर झोप लागणार नाही, मी घरी थांबते." लेक सात वर्षांची, तिला न्यायचा प्रश्नच नव्हता. बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना या फेरीला आणूच नये, आणि पाहुण्यांबरोबर चिल्लीपिल्ली असतील तर घरी कोण थांबणार हे आधी ठरवावं.

प्रवेशाला पैसे लागत नाहीत. ऑडिओ गाइड भाड्याने मिळतो आणि बरेच जण तेवढ्यावर भागवतात. मी गाइडसोबतची फेरीच घ्यायची असं ठरवलं, कारण डाखाऊला बघायला उरलेलं फार कमी आहे. खडीचं अफाट मैदान, दोन बराकी, एक लांबलचक इमारत, कुंपण, आणि टोकाला झाडीत स्मशानभट्टी. माहीत नसलेला माणूस तासाभरात फिरून बाहेर येतो आणि "एवढंच?" म्हणतो. स्मारकाची स्वतःची इंग्रजी फेरी रोज अकराला आणि एकला निघते, मध्ये बाराला जर्मन. अडीच तास चालते, माणशी चार-पाच युरो पडतात. गटात तीसेक माणसंच घेतात, म्हणून अर्धा तास आधी पोचून स्वागत केंद्राच्या खिडकीवर उभं राहिलेलं बरं. म्युनिकहून खासगी कंपन्याही नेतात, पण आत बोलणाऱ्या गाइडला स्मारकाची परवानगी लागते.

निघताना दारातच एक गोष्ट झाली. बाबांनी पाण्याची बाटली, डायबेटिसच्या गोळ्या आणि घडीचं स्टूल एका कापडी पिशवीत भरलं होतं. पिशवी कुणाच्या तरी लग्नातली. एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला ठसठशीत लाल स्वस्तिक. मी ती काढून घेतली आणि दुसरी दिली. "आपलं स्वस्तिक वेगळं," बाबा म्हणाले. वेगळं आहेच. पण ज्याच्या आजोबांना त्या कुंपणात कोंडलं होतं त्याला मी ते बसमध्ये उभं राहून समजावणार नव्हतो. जर्मनीत नाझी चिन्हांवर कायद्याने बंदी आहे, धार्मिक वापराचा मुद्दा निराळा, पण तो वाद घालायची ही जागा नव्हे. गळ्यातलं लॉकेट, गाडीच्या किल्लीची साखळी, सगळं एकदा बघून घ्यावं.

आमची गाइड चाळिशीतली, हळू आणि स्पष्ट बोलणारी बाई होती. मी तिला आधीच विचारलं की वडिलांना अधूनमधून मराठीत सांगितलं तर चालेल का. ती म्हणाली, मागे उभे राहा, आणि मी थांबेन तेव्हा बोला. खरोखरच प्रत्येक मुद्द्यानंतर ती आमच्याकडे बघून थांबायची. सुरुवातीला तिने गटाला विचारलं, इथे काय बघायला मिळेल असं वाटतं? एक जण पटकन म्हणाला, गॅस चेंबर. तिने ते खोडून काढलं नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ, म्हणाली, पण इथून सुरुवात करू नका.

सुरुवात तिने तारखांपासून केली. हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ ला, आणि ही छावणी उघडली २२ मार्चला. दोन महिनेही झाले नव्हते. पहिल्या महायुद्धातला दारूगोळ्याचा बंद पडलेला कारखाना होता, तोच वापरला. म्युनिकचा पोलीसप्रमुख तेव्हा हिटलरचा सहकारी हिमलर, आणि त्याने हे लपूनछपून केलं नाही. वर्तमानपत्रात जाहीर केलं की पाच हजार माणसं मावतील अशी छावणी सुरू होत आहे. पहिले कैदी जर्मनच होते: कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार संघटनांचे पुढारी. एप्रिलमध्ये चार ज्यू कैद्यांना गोळ्या घातल्या तेव्हा म्युनिकच्या सरकारी वकिलाने रीतसर चौकशीही सुरू केली होती. ती दडपली गेली. बाबा इथेच पहिल्यांदा पुटपुटले, "म्हणजे कायदा तोवर होता." गाइडने काय म्हणाले ते मला विचारून घेतलं आणि मान डोलावली.

ऑशविट्झ-बिर्केनाऊ किंवा ट्रेब्लिंका यांच्यासारखी ही संहारासाठी उभारलेली जागा नव्हती. त्या छावण्या व्यापलेल्या पोलंडमध्ये होत्या. डाखाऊ हा नमुना. इथले नियम, शिक्षा, पहारेकऱ्यांचं प्रशिक्षण पुढे बाकीच्या छावण्यांनी उचललं. नोव्हेंबर १९३८ मध्ये दहा हजारांहून जास्त ज्यू पुरुष इथे आणले गेले. त्यातल्या बहुतेकांना नंतर सोडलं, पण देश सोडून जाण्याच्या बोलीवर. युद्ध सुरू झाल्यावर पोलिश, सोव्हिएत, फ्रेंच, रोमा (जिप्सी), यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक, समलिंगी, पाद्री. बारा वर्षांत दोन लाखांवर माणसं या छावणीने आणि तिच्या शाखांनी गिळली. निदान ४१,५०० मेली.

"आर्बाइट माख्ट फ्राय", म्हणजे काम मुक्ती देतं, असं लिहिलेलं लोखंडी फाटक २०१४ मध्ये चोरीला गेलं आणि दोन वर्षांनी नॉर्वेत सापडलं. आता अस्सल फाटक संग्रहालयात आहे, दारावर नक्कल. सगळे तिथे फोटोसाठी थांबतात. फाटकातून आत गेलं की हजेरीचं मैदान. वारा सुसाट. "इथे तर काहीच नाही की," बाबा म्हणाले, आणि हे वाक्य गाइडला मराठीतच कळलं असावं, कारण पुढची दहा मिनिटं ती त्यावरच बोलली.

चौतीस बराकी होत्या. युद्धानंतर आधी अमेरिकन सैन्याने इथे एसएसच्या, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी संघटनेच्या, लोकांना डांबलं, मग १९४८ पासून पूर्वेकडून हाकललेली जर्मन कुटुंबं याच बराकींत राहायला आली. इथे दुकानं होती, शाळा होती. साठीच्या दशकापर्यंत. अनेकांना ही जागा विसरलेली हवी होती. जिवंत राहिलेल्या कैद्यांनी पाठपुरावा केला म्हणून १९६५ मध्ये स्मारक झालं. जुन्या बराकी पाडल्या, दोन नव्याने बांधल्या, बाकीच्यांच्या जागी फक्त पायाच्या चौकटी. हे ऐकल्यावर ते रिकामं मैदान मला नुसतं रिकामं वाटेना. ते रिकामं केलेलं होतं, आणि त्यावरही भांडणं झाली होती.

मग त्या लांब इमारतीत गेलो. पूर्वी इथे स्वयंपाकघर, कोठार आणि कैद्यांची न्हाणी होती, आता प्रदर्शन आहे. ज्या खोलीत कैद्याचे कपडे, कागदपत्रं, लग्नाची अंगठी काढून घेत, तिथल्या भिंतीवर "धूम्रपानास मनाई" ही जुनी सूचना अजून दिसते. पण बाबा अडकले ते एका छायाचित्रापाशी. या इमारतीच्या छपरावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत एक वाक्य रंगवलेलं होतं, हजेरीला उभ्या प्रत्येक कैद्याला समोर दिसेल असं. स्वातंत्र्याकडे जाणारा एक मार्ग आहे, त्याचे टप्पे असे: आज्ञाधारकपणा, उद्योग, प्रामाणिकपणा, व्यवस्थितपणा, स्वच्छता, संयम, सत्यनिष्ठा, त्याग आणि मातृभूमीवरचं प्रेम.

मी मराठीत सांगत गेलो आणि बाबांचा चेहरा बदलत गेला. "अरे, हा तर फळ्यावरचा सुविचार आहे," ते म्हणाले. "यातला एकेक शब्द मी पोरांकडून लिहून घेतलाय." मी हे गाइडला सांगितलं. ती म्हणाली, बरेच शिक्षक इथे थांबतात. वाक्यात चूक शोधू नका, ते कोण कोणाला ऐकवतंय ते बघा. समोर उभा माणूस कितीही उद्योगी, स्वच्छ, प्रामाणिक असला तरी सुटका त्याच्या हातात नव्हती. बाबांना ते पूर्णपणे पटलं नाही. "मग शिस्त शिकवायचीच नाही का?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं, तिला नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मागचा गट आत शिरत होता.

त्याच शब्दांचा खरा अर्थ पुढे बराकीत दिसला. लाकडी बाकांवर गवताच्या गाद्या. त्या सकाळी फूटपट्टीने आखल्यासारख्या चौकोनी व्हायला हव्यात, फरशी लखलखीत हवी, चादरीला सुरकुती दिसली की मार. दोनशे माणसांसाठी बांधलेल्या बराकीत शेवटी दोन हजारांपर्यंत कोंबलेली होती. टायफसची साथ आली. २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैनिक आत शिरले तेव्हा मुख्य छावणीत तीस हजारांवर कैदी होते, आणि सुटकेनंतरही माणसं मरतच राहिली.

तुरुंगाच्या इमारतीबद्दल थोडक्यात सांगतो, तिथे कोठड्यांची लांब ओळ आहे आणि गर्दीत उभं राहणं अवघड जातं. गिओर्ग एल्झर हा सुतार इथे होता. ८ नोव्हेंबर १९३९ ला म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअर हॉलमध्ये त्याने हिटलरसाठी बाँब लावला. हिटलर ठरल्यापेक्षा लवकर उठून गेला. एल्झरला ९ एप्रिल १९४५ ला, सुटकेच्या वीस दिवस आधी, इथे गोळी घातली. ती बिअरची जागा होती त्या रस्त्याने मी कामाला जातो. फुटपाथमध्ये बसवलेली त्याच्या नावाची पाटी मी त्यानंतर शोधून वाचली.

भट्टीकडे जाताना गाइडने फोटो काढू नका अशी विनंती केली. बंदी नव्हती, विनंती होती. एका तरुणाने तरी काढले. शॉवरसारखं छत असलेलं गॅस चेंबर इथे खरंच आहे, आणि त्याबद्दल ती अतिशय जपून बोलली. इथे विषारी वायूने सामूहिक हत्या झाली नाही. का झाली नाही, याचं निश्चित उत्तर मिळालेलं नाही. पण म्हणून डाखाऊचे कैदी गॅसने मारले गेले नाहीत असं समजू नका. १९४२ मध्ये अडीच हजारांवर आजारी, कामाला निरुपयोगी ठरलेले कैदी इथून ऑस्ट्रियातल्या हार्टहाइमच्या वाड्यात पाठवले आणि तिथे मारले. चुकीचं एक वाक्य बोललं तर हा संहार झालाच नाही म्हणणाऱ्यांच्या हातात कोलीत मिळतं, असं ती म्हणाली. मला तिचं हे मोजून मापून बोलणं फार आवडलं. असल्या जागी रडवणारा गाइड सहज मिळतो.

तिथेच भिंतीवर चार स्त्रियांच्या नावांची पाटी आहे. ब्रिटिशांसाठी फ्रान्समध्ये काम करणाऱ्या या हेरांना सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊला आणून गोळ्या घातल्या. त्यात एक नाव नूर इनायत खान. पॅरिसमधून वायरलेसवर संदेश पाठवायची. तिला ब्रिटिशांनी मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. तिचे वडील इनायत खान मूळ बडोद्याचे, हे मी सांगायला लागलो तर बाबांनी मला थांबवलं. त्यांचं आजोळ बडोद्याचं. सयाजीराव गायकवाडांनी ज्या मौलाबक्षांकडून १८८६ मध्ये गायनशाळा काढवली, त्यांचा नातू म्हणजे हा इनायत खान, हे त्यांना ठाऊक होतं. नूर ही मौलाबक्षांची पणती. तिचा शेवट इथे झाला, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मराठीत, पण थेट गाइडकडे बघत, बडोद्याच्या दरबाराबद्दल पाच मिनिटं सांगितलं. मी भाषांतर केलं. तिने वही काढून मौलाबक्षांचं नाव लिहून घेतलं.

फेरी संपली तेव्हा बाहेर जर्मन शाळेची पोरं बसची वाट बघत होती, नेहमीसारखी धक्काबुक्की चाललेली. बव्हेरियात अनेक शाळांना अशा एखाद्या स्मारकाची भेट सक्तीची आहे. बाबांनी गाइडला शेवटचा प्रश्न इंग्रजीत, स्वतःच विचारला: "यावर परीक्षेत प्रश्न येतो का?"

ती हसली. नाझी काळावर येतो, म्हणाली, भेटीवर शक्यतो नाही. भेटीआधी आम्ही शिक्षकांशी बोलतो, आणि मुलांना भट्टीपाशी न्यायचंच असा आग्रह नसतो. कुणाला बाहेर थांबायचं असेल तर थांबू देतो. मग बाबांनी विचारलं की वर्गात एखादा पोरगा सगळं खोटं आहे म्हणाला तर काय करता. यावर दोघं बराच वेळ बोलले, बाबांच्या मोडक्या इंग्रजीत, मला न विचारता. आमची ७२६ निघून गेली. पुढची वीस मिनिटांनी होती.