आमची वाटचाल : मैदानाच्या कडेवरून वर्कशॉपच्या दारात

आयर्लंडच्या मीथ काउंटीत नॅव्हन नावाचं गाव आहे. तिथे आमची छोटी फर्म आहे. माझ्यासकट चार माणसं. सुतारकामाची वर्कशॉप, बेकऱ्या, छोटे कारखाने यांना कामाची आखणी आणि माणसं सांभाळण्याबाबत आम्ही सल्ला देतो. त्याआधीपासून मी गेलिक फुटबॉलचा कोच आहे आणि आजही ते काम चालू आहे. त्याचे पैसे मिळत नाहीत. या खेळात ते खेळाडूंनाही मिळत नाहीत.

मी मूळचा सांगलीचा. कॉलेजात कबड्डी खेळायचो, डावा कोपरा माझ्याकडे असायचा. 2006 साली इथल्या एका अन्नप्रक्रिया कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर म्हणून आलो. 2011 मध्ये मुलगा सात वर्षांचा झाला आणि वर्गातल्या मित्रांबरोबर गावच्या क्लबात जाऊ लागला. दर शनिवारी मी कुंपणाशी उभा असे. एकदा तिथल्या कोचने बिब्सची, म्हणजे सरावात संघ ओळखायला घालतात त्या रंगीत बंड्यांची, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, एवढी वाटून टाक. पुढच्या शनिवारी खुणेचे प्लास्टिकचे कोन मांडायला सांगितले. दोन महिन्यांत माझी पोलीस पडताळणी झाली, कोचिंगचा प्राथमिक कोर्स झाला आणि आठ वर्षांखालचा गट माझ्याकडे आला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका बाजूला 15 खेळाडू. चेंडू हातात घेता येतो, लाथाडताही येतो, पण चार पावलांपेक्षा जास्त नुसता हातात धरून पळता येत नाही. जमिनीवर टप्पा द्यायचा नाहीतर पायाच्या बोटांवरून उडवून परत हातात घ्यायचा. आडव्या दांडीवरून चेंडू गेला की एक गुण (2025 पासून लांबून मारला तर दोन), खालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन गुण. 1884 साली थर्ल्समध्ये या खेळांची संघटना स्थापन झाली, तेव्हापासून खेळ हौशीच राहिला आहे. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये 82,300 माणसं मावतात. तिथे अंतिम सामना खेळणारा खेळाडू पुढे पुन्हा शाळेत शिकवायला नाहीतर गोठ्यात दूध काढायला जातो.

याचा कोचच्या दृष्टीने अर्थ फार मोठा आहे. पगार कापण्याची किंवा कामावरून काढण्याची भीती इथे कुणाला घालता येत नाही. माणूस मंगळवारी रात्री पावसात सरावाला येतो तो मनापासून. येणं थांबलं, तर चूक आपली. आमच्या मीथने हे जवळून पाहिलं आहे. शॉन बॉयलन हे पेशाने वनौषधी देणारे. 1982 ते 2005 अशी तेवीस वर्षं त्यांनी काउंटीचा संघ सांभाळला आणि 1987, 1988, 1996, 1999 अशी चार ऑल-आयर्लंड विजेतेपदं आणली. माझ्या लेखी कुठल्याही व्यवस्थापनाच्या वर्गापेक्षा हा धडा मोठा आहे.

2016 मध्ये नोकरी गेली. छोट्या धंद्यांना मदत करणारं लोकल एंटरप्राइझ ऑफिस हे सरकारी कार्यालय आहे, तिथे व्यवसाय सुरू करण्याचा कोर्स केला आणि 2017 मध्ये फर्म काढली. हिशेब बायकोने हातात घेतले, आजही तीच बघते. त्याच वर्षी लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. तेव्हापासून आमचं मराठी आडनाव वाचलं की ग्राहक आधी त्यांचीच चौकशी करायचे आणि बोलणं आपोआप सुरू व्हायचं.

पहिलं मोठं काम मात्र हातचं गेलं. मी 38 पानी अहवाल दिला, तक्ते, आकडे, सगळं. मालकाने पैसे दिले, अहवाल कपाटात ठेवला आणि परत बोलावलं नाही. मला फार लागलं ते. मग लक्षात आलं, मैदानावर मी मुलांना कधी कागद दिला नव्हता. एका वेळी एकच गोष्ट दाखवायचो आणि ती अंगवळणी पडेपर्यंत थांबायचो.

पुढचं काम एका फर्निचर वर्कशॉपचं होतं. नॅव्हनमध्ये फर्निचरचा धंदा जुना आहे. अकरा कामगार होते, आणि फळीच्या कडांना पट्टी चिकटवणारं मशीन एकालाच येत होतं. तो आजारी पडला की सगळं ठप्प. मालक ऑफिसच्या दारातून ओरडायचा. आमच्या क्लबात लहान मुलांच्या गटांचे सामने गुण न मोजता खेळवतात, प्रत्येक मूल पूर्ण वेळ खेळतं, जागा बदलून खेळतं. तेच तिथे लावलं. दर गुरुवारी एक तास कामांची अदलाबदल. जुने सुतार नाराज झाले, एकाने रंधा खाली ठेवून सरळ नाही म्हटलं. त्याला मी काही समजावलं नाही, फक्त नव्या पोराला त्याच्या शेजारी उभं केलं. तिसऱ्या गुरुवारी म्हातारा स्वतःच पोराचा अंगठा धरून फळीवर दाब कुठे द्यायचा ते दाखवत होता. काही क्लबांत कडेला उभे असलेले पालक एक सामना गप्प राहायचं ठरवतात. मालकाला मी एक सकाळ तसंच गप्प उभं केलं. दुपारी तो म्हणाला की ट्रक कुठे लावायचा हे माणसांना आधीच ठाऊक होतं. सगळं बसायला चार महिने लागले.

मार्च 2020 मध्ये मैदानाला कुलूप लागलं आणि कामंही थांबली. साठवलेल्या पैशांवर दिवस काढले.

2025 च्या हंगामाचा आम्हाला मोठा उपयोग झाला. डब्लिनच्या संघाचे माजी मॅनेजर जिम गॅव्हिन यांच्या समितीने सुचवल्याप्रमाणे गेलिक फुटबॉलचे नियम बदलले. 40 मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या चेंडूला दोन गुण, आणि प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू कायम प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात. पण हे एकदम लादलं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये क्रोक पार्कात प्रायोगिक सामने झाले. गोलला चार गुण देऊन पाहिले, ते जमलं नाही म्हणून सोडून दिलं. मग एक वर्षासाठी नियम आणले. बदल आधी एका कोपऱ्यात करून बघा, हे मी ग्राहकांना वर्षानुवर्षं सांगत होतो. आता बेकरीचा मालक स्वतःच विचारतो, आपण कुठला नियम आधी एका शिफ्टवर लावून बघायचा?

सध्या आमच्याकडे सहा कामं चालू आहेत. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहानंतर आम्ही फोन घेत नाही, हे नव्या ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगतो. बिब्सची पिशवी गाडीच्या डिकीत असते.