दुपारी 1:20 ची मॅच

कामाच्या दौऱ्यात काम थोडं आणि जेवणंच फार. मीटिंग संपते, कुणीतरी लॅपटॉप मिटत 'चला, काहीतरी खाऊ या' म्हणतं आणि संध्याकाळ गेली म्हणून समजा. क्लायंटबरोबरच्या जेवणात प्रत्येक जण टेबलाखाली फोनवर वेळ बघत असतो. मित्राकडच्या जेवणात निघायची वेळ झाली की वहिनी ताक आणतात. एका आठवड्यात दोन्ही प्रकार वाट्याला आले, की पोटाचं वेळापत्रक पार कोलमडतं.

यंदाच्या उन्हाळ्यात शिकागोला गेलो तेव्हा हेच झालं. ऑफिस शॉमबर्गला, म्हणजे शहरापासून बरंच लांब. पहिल्याच संध्याकाळी डीप-डिश पिझ्झा. ऑर्डर दिल्यावर तो यायला पाऊण तास लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हवा, ट्रॅफिक आणि मुलांची कॉलेजं एवढे विषय वीस मिनिटांत संपले. मग कुणीतरी विचारलं, 'कब्ज की व्हाइट सॉक्स?' हे शिकागोचे बेसबॉलचे दोन संघ. शहराच्या उत्तरेचे लोक कब्जचे, दक्षिणेचे सॉक्सचे. पाहुण्याने उत्तर जपून द्यावं. मी 'मी तर क्रिकेटवाला' म्हणून हात वर केले आणि उरलेला वेळ लेग बाय म्हणजे काय ते समजावण्यात गेला. अखेर पिझ्झा आला. चीज खाली, टोमॅटोचा सॉस वर, कडा दोन बोटं उंच. एका तुकड्यात माझं पोट भरलं. दुसरा भिडेखातर खाल्ला.

मधे एक दिवस मिलवॉकी. युनियन स्टेशनवरून हायवाथा गाडी दीड तासात नेऊन सोडते. तिथल्या मंडळींनी दिवसभर प्रोजेक्टच्या तारखांवरून भांडून घेतलं आणि संध्याकाळी ब्रूअर्सच्या, म्हणजे तिथल्या बेसबॉल संघाच्या, मॅचला नेलं. सहाव्या इनिंगच्या मध्यात तिथे सॉसेजेसची शर्यत लागते. ब्राटवुर्स्ट, पोलिश, इटालियन, हॉट डॉग आणि चोरिझो अशी सोंगं घातलेली पाच माणसं मैदानाच्या कडेने धावतात. सकाळी एका तारखेवरून हमरीतुमरीवर आलेले मॅनेजर चोरिझोच्या नावाने घसा कोरडा करत होते. दुसऱ्या दिवशी ती तारीख दहा मिनिटांत ठरली. चोरिझो जिंकला होता की काय, आठवत नाही.

परतल्यावर एक संध्याकाळ शिकागोतल्या डेव्हन अव्हेन्यूवर, सांगलीच्या कॉलेजपासूनच्या मित्राबरोबर. पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान 1974 मध्ये या रस्त्यावर निघालं. 'चाट खाऊ' म्हणून नेलं आणि गप्पा मारता मारता त्याने कढीपत्ता, भाकरीचं पीठ आणि आंब्याच्या रसाचे डबे भरून घेतले. 'भाऊजी, बाहेर काय खाताय, घरी थालीपीठ लावते,' असा वहिनींचा फोन आला आणि चाट राहिली ती राहिलीच.

शुक्रवारी मात्र त्याने अर्धा दिवस सुट्टी काढली. कब्जच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, शुक्रवारची मॅच बहुतेक वेळा दुपारी 1:20 ला असते. मैदान 1914 चं, आणि 1988 पर्यंत तिथे दिवेच नव्हते, त्यामुळे मॅच फक्त उन्हात. दिवे आले तरी दुपारची सवय सुटली नाही. ऑफिसचे बिल्ले गळ्यात तसेच ठेवून आलेले लोक स्टँडमध्ये किती दिसतात! समोर आउटफिल्डच्या विटांच्या भिंतीवर आयव्हीचा वेल. चेंडू त्यात अडकला तर फील्डर हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस, म्हणजे धावून गाठायचे दोन टप्पे, मिळतात. झाडात हात घालून चेंडू शोधायचा प्रयत्न केलाच, तर मात्र खेळ चालूच धरतात. गल्ली क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

आम्ही शेंगा सोलत बसलो. टरफलं पायाखाली. बेसबॉलला खेळाचं असं घड्याळ नसतं, आउट होतील तेव्हा इनिंग संपणार. 2023 पासून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, मात्र घड्याळ लावलंय. बेसवर कुणी नसेल तर 15 सेकंदांत चेंडू टाकायचा. सरासरी मॅच तीन तासांवरून 2 तास 40 मिनिटांवर आली. लोक खूश आहेत. माझा मित्र नाही. 'अरे, मॅच बघायला कोण येतं? कमी झाली ती वीस मिनिटं गप्पांचीच होती!'

त्याचं म्हणणं मला पटलं. जेवणाच्या टेबलावर माणसं समोरासमोर असतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागतं. इथे दोघंही पिचरकडे तोंड करून बसलेले, कट्ट्यावर बसावं तसे. पाचव्या इनिंगला तो मैदानाकडे बघतच म्हणाला, 'बाबांना आता एकटं ठेवता येत नाही. गॅस चालू राहिला होता परवा.' दोन रात्री त्याच्या घरी जेवलो होतो, तेव्हा हे निघालं नव्हतं. मी काही बोलणार तोवर सगळा स्टँड उभा राहिला. आम्हीही उभे राहिलो, टाळ्या वाजवल्या आणि बसलो. काय झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

शेजारच्या आजींना कळलं होतं. सत्तरीच्या असाव्यात. मांडीवर पुठ्ठा, त्यावर स्कोअरकार्ड, हातात टोकदार पेन्सिल, दुसरी केसांत खोचलेली. प्रत्येक बॅटरचा एक चौकोन, त्यात छोटा डायमंड. आम्ही विचारल्यावर त्यांनी चौकोनात पेन्सिल टेकवून दाखवलं: 6-4-3. म्हणजे शॉर्टस्टॉप या जागेवरच्या फील्डरने सेकंड बेसमनकडे, त्याने फर्स्ट बेसमनकडे चेंडू टाकला आणि दोन गडी एकदम बाद. खेळाडूंच्या नावांऐवजी जागांचे आकडे. ही नोंदीची पद्धत बसवणाऱ्यांत हेन्री चॅडविक मोठा. तो मूळचा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहीत असे. हे ऐकून मित्र खूश. 'म्हणजे आपलाच माणूस!' आजींना हा दावा फारसा मान्य दिसला नाही. पण त्यानंतर आम्ही बोलण्यात गुंतलो की त्या दर आउटनंतर कार्ड आमच्याकडे जरा वळवून धरायच्या. सातव्या इनिंगला सगळं मैदान उभं राहून गायलं, तेव्हा मात्र पेन्सिल ठेवून त्याही गायल्या.

कब्ज हरले. स्कोअरबोर्डवर निळ्या कापडावर पांढरा एल असलेला झेंडा चढला. जिंकले की पांढऱ्यावर निळा डब्ल्यू. पूर्वीपासून हे झेंडे जवळून जाणाऱ्या लोकल गाडीतल्या माणसांना निकाल कळावा म्हणून लावतात. जवळच्या ॲडिसन स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर हरलेल्यांची गर्दी निवांत होती. मित्र फोनवर मुंबईहून येणाऱ्या विमानांचे दर बघत होता.

'बाबांना थंडी झेपेल का रे?'

'मेमध्ये आण. आणि पहिल्याच शुक्रवारचं तिकीट काढून ठेव. टीव्हीवर मॅच लावून पाच दिवस बसणारा माणूस आहे तो, अडीच तास त्यांना काहीच नाही.'

'ते गप्प बसून बघतील रे. माझं काय?'